मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

एक तारीख बरेच दिवस डोक्यात घोळते आहे, १५ डिसेंबर २०१६. नोटाबंदीच्या गप्पांत ही तारीख सहसा निघत नाही. ८ नोव्हेंबर मात्र सगळ्यांना पाठ आहे. त्या ८ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाच वाजता नवी दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाची ५६१ वी बैठक झाली. त्या बैठकीच्या इतिवृत्तावर गव्हर्नर ऊर्जित पटेल यांची सही पडली ती १५ डिसेंबरला. मधल्या पाच आठवड्यांत देशभर रांगा लागल्या, एटीएमचे ट्रे नव्या नोटांच्या मापाचे करून झाले, नियम बदलत गेले. आणि जुन्या नोटा रद्द करण्याच्या ज्या शिफारशीच्या आधारावर हे सगळं चाललं होतं तिची नोंद सहीची वाट पाहत पडून होती. २०१९ मध्ये माहिती अधिकारातून ते इतिवृत्त बाहेर आलं तेव्हा या अंतराची चर्चा झाली. नियमाच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नव्हतं. बैठक झाली की कामकाजाची प्रत शक्य तितक्या लवकर संचालकांना पाठवायची आणि त्या बैठकीच्या किंवा तिच्या पुढच्या बैठकीच्या अध्यक्षांनी त्यावर सही करायची, एवढंच बँकेच्या कामकाजाचे १९४९ चे सर्वसाधारण विनियम सांगतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हा विषय क्रमांक एक हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला जसा असतो तसाच तो इथेही असतो. मला अस्वस्थ करतं ते हे, की इतका मोठा निर्णयही अखेर याच साध्या रांगेत उभा राहिला, आणि त्या रांगेत उभा राहिल्यामुळेच त्याच्याबद्दल आज आपल्याला काही ठाऊक आहे.

ते इतिवृत्त वाचताना भाषा सपाट लागते. अमुक मुद्दा मांडला, अमुक लक्षात घेतला, अमुक शिफारस केली. पण त्या सपाट वाक्यांत मंडळाने सरकारच्या दोन युक्तिवादांना चक्क हरकत घेतलेली आहे. काळा पैसा बहुतांशी रोख रकमेत नसतो, तो सोनं आणि जमीनजुमल्यासारख्या मालमत्तेत असतो, त्यामुळे या उपायाचा त्यावर फारसा परिणाम होणार नाही, हे तिथे लिहिलं आहे. बनावट नोटांचा ४०० कोटींचा आकडा चिंतेचा असला तरी चलनात असलेल्या एकूण रकमेच्या मानाने फार मोठा नाही, हेही लिहिलं आहे. त्या वर्षाच्या विकासदरावर तात्पुरता प्रतिकूल परिणाम होईल, अशी जाणीवही नोंदवली आहे. आणि त्याच कागदावर, थोडं खाली, शिफारस आहे. हरकत आणि होकार शेजारी शेजारी. यातलं कुठलं खरं, असा प्रश्न पडतो. पण इतिवृत्त त्याचं उत्तर देत नाही. काय बोललं गेलं आणि काय ठरलं, एवढंच सांगणं हे त्याचं काम.

हे आपल्याला कळलं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं.

केंद्रीय मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे व्याजदर येतात, आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. रेपो दर हे मंडळ ठरवत नाही. ते काम २०१६ पासून सहा सदस्यांच्या पतधोरण समितीकडे आहे. मंडळाच्या वाट्याला राहतं ते सगळं उरलेलं: बँकेचं वार्षिक अंदाजपत्रक, ताळेबंद, वार्षिक अहवाल, सरकारला द्यायचा वाढावा (म्हणजे तरतुदी करून उरलेला नफा), नोटांचे मूल्यवर्ग आणि त्यांचं डिझाइन यांबद्दलच्या शिफारशी, विनियम, कर्मचाऱ्यांच्या निधीचे नियम, इमारती, संगणक यंत्रणा, लेखापरीक्षणातले शेरे. यातल्या कामांसाठी उपसमित्या आहेत. लेखापरीक्षण आणि जोखीम, मनुष्यबळ, इमारती, माहिती तंत्रज्ञान अशी त्यांची नावं वाचूनच वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे परत फिरतात. रिझर्व्ह बँक कायद्याचं ७ वं कलम बँकेचा सर्वसाधारण कारभार आणि देखरेख या मंडळाकडे सोपवतं. त्याच कलमातलं तिसरं पोटकलम, मंडळाच्या विनियमांत वेगळं काही नसेल तर, तेच अधिकार गव्हर्नरलाही देतं. एकच काम दोघांच्या हाती. या रचनेमुळे मंडळ रोजच्या कारभारात मागे असतं आणि गव्हर्नर पुढे. आणि म्हणूनच मंडळासमोर काय येतं, कोणत्या रूपात येतं आणि किती आधी येतं, याला एवढं महत्त्व आहे.

कायद्यानुसार मंडळात जास्तीत जास्त २१ जण असतात. गव्हर्नर, चारपर्यंत डेप्युटी गव्हर्नर, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीच्या चार स्थानिक मंडळांतून प्रत्येकी एक, केंद्र सरकारने नेमलेले दहा, आणि दोन सरकारी अधिकारी. प्रसिद्धिपत्रकाच्या शेवटी उपस्थितांची यादी येते तेव्हा ही सगळी नावं एका ओळीत असतात, पण मताचा अधिकार सगळ्यांना सारखा नाही. डेप्युटी गव्हर्नर आणि दोन सरकारी अधिकारी चर्चेत भाग घेऊ शकतात, मत देऊ शकत नाहीत. गव्हर्नर गैरहजर असेल आणि त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर त्याच्या जागी एक डेप्युटी गव्हर्नर मत देतो, तेवढाच अपवाद. म्हणजे मतदान झालंच तर ते गव्हर्नर आणि बाहेरून आलेले चौदा यांच्यात. समसमान मतं पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत. वित्त मंत्रालयाचे सचिव टेबलाशी बसतात, बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याला केवढं वजन असतं ते कुणाला सांगायला नको. तरीही हात वर करायची वेळ आली तर त्यांचा हात मोजायचा नाही, असं कायदा करणाऱ्यांनी ठरवलं. हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात बैठकीत मतदान क्वचितच होत असेल, बहुतेक गोष्टी सहमतीने होत असतील. तरीही मोजणीचा नियम माहीत असला की सहमती कुणाची घ्यायची, हे कळतं.

आता बैठक बोलावण्याचे नियम. वर्षातून किमान सहा बैठका आणि दर तिमाहीत किमान एक. एरवी किमान चौदा दिवस आधी नोटीस. तातडीची बैठक असेल तर भारतात असलेल्या प्रत्येक संचालकाला पोहोचता येईल इतपत पुरेशी सूचना. ज्या कामासाठी बैठक बोलावली त्याशिवाय दुसरा विषय घ्यायचा, तर एक आठवडा आधी अध्यक्षांना लेखी कळवलेलं असावं. नाहीतर अध्यक्षांची आणि हजर असलेल्यांपैकी बहुसंख्यांची संमती लागते. आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेला आयत्या वेळचे विषय हा प्रकार माहीत आहे आणि तो कसा वापरला जातो तेही माहीत आहे. गणपूर्तीला चार संचालक लागतात, आणि त्यांतले किमान तीन बाहेरून नेमलेले असावे लागतात. या शेवटच्या अटीचा हेतू उघड आहे. बँकेचे अधिकारी आणि सरकारचे अधिकारी यांनीच बसून बैठक उरकू नये, बाहेरचा डोळा खोलीत असलाच पाहिजे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या बैठकीला हे सगळं लावून पाहावं. त्या वेळी २१ पैकी निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेरचे संचालक म्हणून फक्त चौघे नेमलेले होते. बैठकीला आठ जण आले: गव्हर्नर, दोन डेप्युटी गव्हर्नर, दोन सचिव आणि बाहेरचे तिघे. गणपूर्ती झाली, पण अगदी काठावर. तिघांपैकी एकाचं विमान चुकलं असतं तर त्या संध्याकाळी बैठकच भरली नसती. आणि मताचा हिशेब केला तर आठांपैकी चौघांनाच मत होतं. तिथे मतदान झालं असं मला सुचवायचं नाही. मला एवढंच दिसतं की चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटांबद्दलची शिफारस करताना मत देऊ शकणारी चार माणसं खोलीत होती, कारण त्याआधीची कित्येक वर्षं नेमणुकांच्या फायली वेळेवर हलल्या नव्हत्या.

रिकामी जागा ही अशी गोष्ट आहे की ती रिकामी असल्याचा त्रास त्या दिवशी कुणालाच होत नाही. कायद्याने तर आधीच सोय करून ठेवली आहे: केवळ जागा रिकामी आहे किंवा मंडळाच्या रचनेत काही दोष आहे, एवढ्या कारणावरून मंडळाच्या कोणत्याही कृतीला आव्हान देता येत नाही. ही तरतूद आवश्यक आहे, नाहीतर एका संचालकाच्या राजीनाम्याने बँकेचं काम ठप्प होईल. पण तिच्या आडोशाने जागा रिकाम्या ठेवण्याची सवयही लागते. स्थानिक मंडळांचं तेच झालं आहे. प्रत्येक विभागासाठी पाच सदस्य, त्यांनी त्या भागाचे आर्थिक हितसंबंध, सहकारी बँका, देशी पेढ्या यांचं प्रतिनिधित्व करावं, हा ९ व्या कलमाचा हेतू. पश्चिम विभागातला सहकार आणि पूर्वेकडचा चहा-ताग यांचं दुखणं एक नव्हतं, म्हणून १९३४ मध्ये ही योजना आखली गेली. स्थानिक मंडळ भरलेलं नसेल तर केंद्रीय मंडळातली त्याची खुर्चीही रिकामीच राहते. एक नेमणूक अडली की दोन ठिकाणी भोक पडतं. या नेमणुका वेळच्या वेळी करणं ही सरकारच्या कामांतली सर्वांत कमी खर्चाची सुधारणा ठरेल, असं माझं ठाम मत आहे.

नोटाबंदीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा खल झाला तोही याच कोरड्या गोष्टींवर. गणपूर्ती होती का, विषय आधी कळवला होता का, मंडळाने आपलं डोकं चालवलं का. २ जानेवारी २०२३ ला चार विरुद्ध एक अशा मतांनी निर्णयप्रक्रिया वैध ठरली. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळं मत देताना बँकेने ठेवलेल्या कागदांतल्याच शब्दांवर बोट ठेवलं: केंद्र सरकारच्या इच्छेनुसार, अशा अर्थाची शब्दयोजना तिथे होती, आणि सगळी प्रक्रिया चोवीस तासांत उरकली होती. वित्त मंत्रालयाचं पत्र ७ नोव्हेंबरचं, शिफारस ८ ची. कायद्याचं २६ वं कलम मात्र उलटा क्रम सांगतं, आधी मंडळाची शिफारस आणि मग सरकारची अधिसूचना. बहुमताला आणि अल्पमताला तपासायला कागद तेच होते. निकाल कुणाला पटो न पटो, दोन्ही बाजूंच्या न्यायमूर्तींना हातात धरायला काहीतरी होतं, ते विषयपत्रिका, टिपण आणि इतिवृत्त एवढंच.

पण एका वादळी संध्याकाळवरून मंडळाचं काम समजत नाही. ते समजायचं तर शुक्रवारकडे पाहावं लागतं. केंद्रीय मंडळाची एक समिती आहे, ती साधारण दर आठवड्याला बसते, अलीकडे बहुतेक वेळा ऑनलाइन. चालू कामकाज पाहणं आणि साप्ताहिक ताळेबंदाला मान्यता देणं हे तिचं काम. कायद्याच्या ५३ व्या कलमानुसार चलन विभाग आणि बँकिंग विभाग यांचा दर आठवड्याचा हिशेब सरकारला पाठवावा लागतो. शुक्रवारअखेरची स्थिती घेतात, आणि पुढच्या शुक्रवारी ती साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीत छापून येते. चलन विभागात एका बाजूला चलनातल्या नोटा, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पाठीशी असलेलं सोनं, परकीय रोखे, रुपयाची नाणी, सरकारी रोखे. दोन्ही बाजू रुपयाच्याही फरकाविना जुळायला हव्यात. त्या तक्त्यात एक ओळ मला नेहमी थांबवते, केंद्र सरकारच्या ठेवींची. लाखो कोटींचे व्यवहार करणाऱ्या सरकारची शिल्लक तिथे आठवड्यामागून आठवडे शंभर कोटींच्या आसपास दिसते. कारण बँक आणि सरकार यांच्यातल्या समझोत्यानुसार रोज किमान दहा कोटी आणि शुक्रवारी किमान शंभर कोटी शिल्लक ठेवायची असते. त्याहून जास्त पैसा पडून राहू दिला जात नाही आणि कमी पडला तर तात्पुरती उचल घेतली जाते. एका ओळीत सरकारच्या रोजच्या रोकड व्यवस्थापनाची शिस्त दिसते. आणि भांडवलाच्या रकान्यात आजही पाच कोटी रुपये आहेत, १९३५ साली शंभर रुपयांच्या पाच लाख भागांतून उभे राहिलेले तेच. १ जानेवारी १९४९ ला राष्ट्रीयीकरण होताना भागधारकांना प्रत्येक भागामागे ११८ रुपये १० आणे दिले गेले. भागधारक गेले, पाच कोटी तिथेच राहिले.

वर्षातली सर्वांत वजनदार नित्याची बैठक मे महिन्याच्या उत्तरार्धात होते. मेच का, याचं उत्तर कायद्यातल्या दोन महिन्यांत आहे. वर्षाचे हिशेब बंद झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत वार्षिक लेखे आणि मंडळाचा अहवाल सरकारकडे जावा लागतो. पूर्वी बँकेचं वर्ष जुलै ते जून असं होतं, म्हणून हा सोहळा ऑगस्टमध्ये व्हायचा. २०२०-२१ पासून वर्ष एप्रिल ते मार्च झालं, त्यासाठी मधलं एक वर्ष नऊ महिन्यांचं करावं लागलं, आणि बैठक मेवर आली. लेखे तयार झाले की त्यावर गव्हर्नर, डेप्युटी गव्हर्नर आणि मुख्य लेखाधिकारी सह्या करतात. लेखापरीक्षक किमान दोन असतात, आणि ते मंडळ नेमत नाही. त्यांची नेमणूक आणि मेहनताना दोन्ही केंद्र सरकार ठरवतं. नफ्याच्या वाटपात एक छोटी ओळ असते. चार वैधानिक निधींना प्रत्येकी एक कोटी. ग्रामीण पत, उद्योग आणि गृहनिर्माण यांच्यासाठी उभारलेल्या या निधींत एके काळी बँक खरोखर मोठ्या रकमा घालत असे. १९९२-९३ पासून ते योगदान नाममात्र झालं, पण कायद्यात निधी आहेत म्हणून दरवर्षी चार कोटी वळते होतात आणि दरवर्षी मंडळ त्याला मान्यता देतं. त्या चार कोटींकडे पाहिलं की शेतीकर्जाच्या आणि उद्योगकर्जाच्या जुन्या धोरणांचा सबंध काळ नजरेपुढे येतो.

मग येतो वाढावा. कायद्याचं ४७ वं कलम सांगतं, बुडीत कर्जं, मालमत्तेची घसरण, कर्मचाऱ्यांचे निधी वगैरेंची तरतूद केल्यावर उरलेला नफा केंद्र सरकारला द्यायचा. आधी तरतूद, मग उरलेलं. सगळं गणित या क्रमात आहे. तरतूद किती करायची याचा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१९ मध्ये माजी गव्हर्नर बिमल जालान यांच्या समितीने त्याला चौकट घातली. पुनर्मूल्यांकनातून कागदावर दिसणारा नफा वाटायचा नाही, आणि आकस्मिक जोखमीसाठी ताळेबंदाच्या साडेपाच ते साडेसहा टक्के राखीव ठेवायचे. त्या ऑगस्टमध्ये मंडळाने खालची कड, साडेपाच टक्के, निवडली. त्यामुळे ५२,६३७ कोटींची जादा तरतूद मोकळी झाली आणि नफ्यासह १,७६,०५१ कोटी सरकारकडे गेले. २०२३ मध्ये सहा टक्के, २०२४ मध्ये साडेसहा. मे २०२५ मध्ये चौकटच रुंद करून साडेचार ते साडेसात केली आणि त्याच महिन्यात, २३ तारखेच्या ६१६ व्या बैठकीत, वरची कड, साडेसात टक्के निवडली. तरीही २,६८,५९० कोटींचा वाढावा निघाला. ३१ मार्च २०२५ ला ताळेबंद साधारण ७६ लाख २५ हजार कोटींचा होता. म्हणजे या निवडीतला एक टक्का सुमारे ७६ हजार कोटींचा, अर्धा टक्का ३८ हजार कोटींचा. टक्क्याचा दशांश ठरवायला बसलेल्या माणसांना तो आकडा त्या क्षणी कसा दिसत असेल, याचा मी अनेकदा विचार करते. प्रसिद्धिपत्रकात त्याला एक वाक्य मिळतं. आदल्या वर्षीपेक्षा एक टक्का जास्त राखायचं ठरवताना कोणत्या जोखमी मोजल्या, कुणी साडेसहावरच थांबू या म्हटलं का, हे त्यात नसतं.

सगळ्याच निर्णयांचे आकडे असे डोळे दिपवणारे नसतात. फाटकी नोट घ्या. २८ व्या कलमानुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा फाटलेल्या नोटेची किंमत मागण्याचा हक्कच कुणाला नाही. बँक ती देते ती केवळ सवलत म्हणून, आणि कोणत्या अटींवर द्यायची याचे नियम केंद्रीय मंडळाने सरकारच्या पूर्वमंजुरीने केले आहेत. सध्याचे २००९ चे, आणि नव्या मापाच्या नोटा आल्यावर २०१८ मध्ये सुधारलेले. आजची पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब आणि ६.६ सेंटिमीटर रुंद, क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर. सर्वांत मोठा सलग तुकडा ८० चौरस सेंटिमीटरचा भरला तर पूर्ण पाचशे, ४० ते ८० च्या मध्ये असेल तर अडीचशे, त्याखाली काही नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटांना अर्धी किंमत हा प्रकारच नाही. निम्म्याहून जास्त तुकडा असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य. नियम इतका बारीक का, तर दोन तुकडे करून दोन खिडक्यांवर दोनदा पैसे उचलू नयेत, आणि उंदराने कुरतडलेली नोट घेऊन आलेल्या माणसाला काउंटरवरच्या कारकुनाच्या मर्जीवर राहावं लागू नये. एका बैठकीत एका विषयाखाली हे मंजूर झालं असणार. त्या दिवशी त्याची बातमी झाली नसेल, पण देशातल्या प्रत्येक बँक शाखेत ते रोज लागू पडतं.

मंडळापुढे येणाऱ्या टिपणाला एक ठरीव घाट असतो: पार्श्वभूमी, आधीचे ठराव, प्रस्ताव, खर्च, कायदेशीर बाजू, आणि अखेरच्या परिच्छेदात मंडळाकडून नेमकं काय हवं आहे ते. तो अखेरचा परिच्छेद सर्वांत जपून वाचायचा. मान्यतेसाठी आलेला विषय आणि माहितीसाठी आलेला विषय यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मान्यतेचा विषय माहितीच्या गठ्ठ्यात गेला की निर्णय आधीच झालेला असतो आणि मंडळ त्याचं साक्षीदार तेवढं उरतं. असं मुद्दाम करावं लागत नाही. टिपण उशिरा तयार होतं, गठ्ठा चारशे पानांचा होतो, संचालकाच्या हाती दोन दिवस आधी पडतो, आणि दुपारच्या विमानाची वेळ जवळ येते. इतिवृत्तातही तीच जपणूक लागते. मंडळाने नोंद घेतली, मंडळाने मान्यता दिली, चर्चेअंती मान्यता दिली. वर्षांनी कुणी न्यायालयात उभं राहिलं तर या तीन वाक्यांतलं कुठलं लिहिलं होतं यावर बरंच काही ठरतं. लिहिणाऱ्याने कुणाचं बोलणं सौम्य केलं, कुणाची हरकत एका अर्ध्या वाक्यात बसवली, हे पुढच्या बैठकीत सही होण्याआधी कुणीतरी वाचलं तरच दुरुस्त होतं.

महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. त्याआधी ते काय होते, हे फारसं सांगितलं जात नाही. जुलै १९३९ मध्ये सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून ते बँकेत आले आणि तीन महिन्यांनी केंद्रीय मंडळाचे सचिव झाले. दोन वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं, मग डेप्युटी गव्हर्नर, आणि १९४३ मध्ये गव्हर्नर. सचिवाच्या खुर्चीतून बँक जशी दिसते तशी ती दुसऱ्या कुठल्याच खुर्चीतून दिसत नाही. प्रत्येक विभागाचा कागद तिथून जातो, आणि कुठे काय अडतं ते तिथेच कळतं. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी बँकेची घडी विस्कटली नाही, याचं काही श्रेय त्या दोन वर्षांना द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मंडळ पुन्हा मथळ्यांत आलं ते १९ नोव्हेंबर २०१८ ला. बैठक जवळपास नऊ तास चालली. राखीव निधीचा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे द्यायचा, असं त्यात ठरलं. १० डिसेंबरला ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला, आणि १४ डिसेंबरच्या बैठकीनंतरच्या पत्रकात एक वाक्य होतं: बँकेच्या कारभाराच्या चौकटीवर चर्चा झाली आणि हा विषय आणखी तपासण्याची गरज असल्याचं ठरलं. गव्हर्नर आणि मंडळ यांच्यात अधिकार कुठे थांबतो आणि कुठे सुरू होतो, ७ व्या कलमात राहून गेलेला तोच प्रश्न, एका वाक्यात आला आणि एका वाक्यात पुढे ढकलला गेला. मला ते टाळणं चुकीचं वाटत नाही. त्या आठवड्यात त्याचं उत्तर शोधणं बहुधा कुणालाच झेपलं नसतं. पण तो विषय नंतर कोणत्या बैठकीत आला, त्यावर टिपण झालं का, हे वाचकाला कळायला मार्ग नाही.

इथेच माझं खरं म्हणणं आहे. पतधोरण समितीच्या बैठकीचं इतिवृत्त कायद्याने चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होतं. कुणी कसं मत दिलं आणि का, ते सदस्याच्या नावासकट. त्याच इमारतीतल्या केंद्रीय मंडळाच्या बैठकीचं मात्र पानभराचं पत्रक येतं. युरोपियन सेंट्रल बँक आपल्या नियामक परिषदेने व्याजदरांखेरीज घेतलेल्या निर्णयांची यादी वेळोवेळी छापते: कोणत्या देशाने पुढच्या वर्षी किती नाणी पाडायची याची मंजुरी, कायद्यांच्या मसुद्यांवर दिलेली मतं, लेखापरीक्षकांच्या शिफारशी. रटाळ यादी आहे, आणि फार उपयोगाची आहे. आपल्याकडे पर्यवेक्षणाच्या गोष्टी, एखाद्या बँकेची नाजूक स्थिती, परकीय चलनाचे व्यवहार झाकून ठेवावे लागतील. त्याबद्दल वाद नाही. पण कोणते विषय मान्यतेसाठी आले आणि कोणते माहितीसाठी, नोटीस किती दिवस आधीची होती, बाहेरचे किती संचालक हजर होते, राखीव टक्का ठरवताना कोणती कारणं दिली गेली, आणि मागच्या बैठकीत पुढे ढकललेल्या विषयाचं काय झालं, एवढं तरी बैठकीनंतर दोन-तीन महिन्यांत छापायला काय हरकत आहे? यासाठी संसदेत कायदा बदलावा लागेल असं मला दिसत नाही. मंडळाने तसा ठराव केला की पुरे. आणि असा ठराव आणायचा तर विनियम एक आठवडा आधीची लेखी सूचना मागतात, त्याहून जास्त काही नाही.